टाइमआउट लावला होता, तरी रिक्वेस्ट ४० मिनिटं लटकली: आयडल आणि रिक्वेस्ट टाइमआउट वेगवेगळे कसे तपासायचे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा सापडेल. इंदुरातल्या सुपर कॉरिडॉरवरच्या तुमच्या ऑफिसातला पायथॉन क्लायंट (माहिती मागणारा प्रोग्राम) रोज संध्याकाळी मंडीभावांचा अहवाल ओढतो: सोयाबीन, गहू, डॉलर चणा. लायब्ररी 'रिक्वेस्ट्स', टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मर्यादा, ५ सेकंद. एरवी अहवाल २०-२५ सेकंदांत येतो. टेस्टमध्ये तुम्ही खोटा सर्व्हर ७ सेकंद झोपवलात, क्लायंटने ५ सेकंदांनी एरर दिली, टेस्ट हिरवी, म्हणजे पास, झाली. तरीही गेल्या शनिवारी एक रिक्वेस्ट ४० मिनिटं लटकून राहिली आणि मग काहीच न झाल्यासारखी यशस्वी झाली. तुम्ही विचारता: टाइमआउट लावलेला असताना हे झालंच कसं? आणि हे पकडणारी टेस्ट कशी लिहायची, जी बिल्ड मिनिट-मिनिट अडवून ठेवणार नाही आणि अधूनमधून उगाच लालही होणार नाही?

तुम्ही लावलेले ५ सेकंद हा रिक्वेस्टचा टाइमआउट नाहीच, तो शांततेचा, म्हणजे आयडल टाइमआउट आहे. 'रिक्वेस्ट्स'मधला तो आकडा एवढंच सांगतो की सॉकेटवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या आपल्या टोकावर, सलग इतके सेकंद एकही बाइट आला नाही तर सोडून दे. एक बाइट आला की घड्याळ पुन्हा शून्यावर. तुम्ही जोडलेल्या प्रतिसादात जेसन सुरू होण्याआधी ८००च्या आसपास रिकाम्या ओळी आहेत. ४० मिनिटं म्हणजे २४०० सेकंद. भागून पाहा, दर ३ सेकंदांना एक ओळ. अहवाल तयार होईपर्यंत मधल्या प्रॉक्सीने (वाटेतल्या मध्यस्थ सर्व्हरने) कनेक्शन तोडू नये म्हणून समोरचा सर्व्हर रिकाम्या ओळी सोडत बसला होता. ही पद्धत बरीच रूढ आहे, आणि जेसनच्या नियमांत सुरुवातीची मोकळी जागा चालते, म्हणून तुमच्या पार्सरनेही तक्रार केली नाही. तुमचं घड्याळ ५ पर्यंत कधी पोचलंच नाही.

इंदुरात नळाच्या पाण्याला आम्ही सरळ 'नर्मदा' म्हणतो. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर उपसून आणलेलं हे पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. लोकमान्यनगरच्या आमच्या घरी पहाटे नर्मदा आली की आई मोटर लावायची, आणि तिच्या डोक्यात दोन हिशोब एकदम चालायचे. पहिला: धार तुटून दोन मिनिटं झाली तर मोटर बंद करा, कोरडी चालली तर जळेल. दुसरा: साडेसातला घराबाहेर पडायचं आहे, तोवर टाकी भरली तर भरली, नाहीतर आहे तेवढ्या पाण्यात भागवायचं. पहिला हिशोब धारेकडे पाहतो, दुसरा भिंतीवरच्या घड्याळाकडे. करंगळीएवढी धार तासभर चालू राहिली तरी पहिल्या हिशोबाचं काही म्हणणं नसतं, टाकी मात्र भरत नाही. आयडल टाइमआउट म्हणजे पहिला हिशोब: समोरचा जिवंत आहे का? रिक्वेस्ट टाइमआउट म्हणजे दुसरा: मला थांबायला वेळ किती आहे? (पुढे यालाच मी एकूण मुदत म्हणतो.) एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

आता तुमची टेस्ट का फसली ते पाहू. ७ सेकंद पूर्ण गप्प बसणाऱ्या सर्व्हरपुढे दोन्ही घड्याळं वाजतात. आयडलचं घड्याळ ५ ला वाजणारच, आणि एकूण वेळेचं घड्याळ लावलेलं असतं तर तेही ५ ला वाजलं असतं. टेस्ट हिरवी झाली, पण कोणतं वाजलं हे तिने सांगितलं नाही. तुम्ही मनात धरलं होतं एक, सिद्ध झालं दुसरं. माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हे एकच सांगतो: टाइमआउटच्या टेस्टमध्ये संशयित एकच असावा. ज्या घड्याळाची परीक्षा आहे ते वाजलंच पाहिजे, आणि दुसऱ्याला वाजायची संधीच मिळता कामा नये. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती फिरतं.

त्याआधी नावांबद्दल, कारण अर्धा घोळ नावांचा आहे. 'टाइमआउट' या एकाच शब्दाचा अर्थ लायब्ररीगणिक बदलतो. पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स'मध्ये तो आयडल आहे, आणि न दिल्यास काहीच नाही, क्लायंट अनंत काळ वाट पाहतो. 'एचटीटीपीएक्स'मध्येही तो नेटवर्कवरच्या शांततेचाच आहे, फक्त तिथे काही न देता ५ सेकंद मिळतात. 'एआयओएचटीटीपी'मध्ये मात्र 'टोटल' म्हणजे खरोखर एकूण, काही न देता ३०० सेकंद, आणि 'सॉक रीड' हा आयडल वेगळा लावता येतो. गो भाषेत क्लायंटवरचा 'टाइमआउट' एकूण वेळेचा असतो, बॉडी, म्हणजे प्रतिसादाचा मुख्य मजकूर, वाचून संपेपर्यंत त्याचं घड्याळ चालू राहतं. जावामधल्या 'ओके एचटीटीपी'त कनेक्ट, रीड आणि राइट हे तिन्ही १० सेकंदांचे असतात, पण पूर्ण कॉलचा टाइमआउट शून्य, म्हणजे बंद. त्यामुळे जावावाल्या मित्राला "आमच्याकडे १० सेकंद आहेत" असं वाटत असतं आणि तुमच्यासारखीच ४० मिनिटं त्यालाही गाठू शकतात. 'कर्ल'मध्ये एकूण वेळेसाठी 'मॅक्स टाइम' आहे, आणि धार मंदावली तर तोडण्यासाठी 'स्पीड लिमिट' व 'स्पीड टाइम'. यातलं काहीही वाजलं तरी बाहेर पडताना कर्ल २८ हाच क्रमांक देतो. म्हणजे नुसता २८ तपासणाऱ्या स्क्रिप्टलाही संशयित कोण ते कळत नाही.

याहून मोठा सापळा 'आयडल' या शब्दातच आहे. गोच्या ट्रान्स्पोर्टमध्ये, म्हणजे कनेक्शन सांभाळणाऱ्या भागात, 'आयडल कनेक्शन टाइमआउट' असतो, ठरलेला ९० सेकंद. नाव वाचून वाटतं की प्रतिसाद अर्ध्यात थांबला तर हा वाचवेल. नाही. तो दोन रिक्वेस्टच्या मधल्या काळासाठी आहे: काम संपलेलं, पूलमध्ये (पुन्हा वापरायला राखलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) उभं असलेलं कनेक्शन किती वेळ सांभाळायचं, एवढंच तो ठरवतो. प्रतिसादाच्या मधल्या शांततेवर गोच्या क्लायंटमध्ये तयार असं काही नाही. प्रत्येक रीडआधी सॉकेटची मुदत पुढे ढकलणारं वेष्टन तुम्हालाच लिहावं लागतं. म्हणून टेस्ट लिहायला बसण्याआधी कागदावर लिहा: माझा हा आकडा नेमका कुठल्या क्षणी सुरू होतो, कशाने पुन्हा शून्यावर येतो, आणि कुठे संपतो. या तीन उत्तरांशिवाय लिहिलेली टेस्ट म्हणजे अंदाज.

एवढं वाचून तुम्ही आयडल काढून सगळीकडे एकूण मुदतच लावाल, अशी मला भीती आहे. तसं करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत दुसऱ्यांनी मोजली. काही वर्षांपूर्वी इंदुरातच पलासियाजवळच्या एका छोट्या कंपनीत आम्ही सर्वेक्षणाच्या टॅबलेटसाठी सॉफ्टवेअर करत होतो. माळव्यातल्या गावांत फिरणारी माणसं सकाळी ४० मेगाबाइटची नकाशाची फाइल उतरवून घ्यायची. मी एकूण ६० सेकंद लावले. ऑफिसच्या वायफायवर फाइल ६-७ सेकंदांत यायची, टेस्ट हिरव्या, मी समाधानी. गावात मिळायचा सेकंदाला जेमतेम २ मेगाबिट वेग. ४० मेगाबाइट म्हणजे ३२० मेगाबिट, म्हणजे १६० सेकंद. ६० व्या सेकंदाला आमचं सॉफ्टवेअर चांगली चालू असलेली धार स्वतःच्या हाताने तोडायचं आणि पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरू करायचं. तीन दिवस ती माणसं झाडाखाली बसून तेच ते बटण दाबत राहिली, त्यांचा डेटा पॅक संपला, आणि आमच्या लॉगमध्ये फक्त 'टाइमआउट' एवढाच शब्द होता. मग आयडल २० सेकंद केला, एकूण मुदत अर्ध्या तासावर नेली, आणि तुटलं तिथून पुढे घ्यायची सोय केली. चौथ्या दिवशी नकाशे उतरले. तेव्हापासून हळू पण जिवंत असलेल्या कनेक्शनची टेस्ट मी सगळ्यांत आधी लिहितो.

आता टेस्टकडे. तुम्हाला खोटे सर्व्हर तीन स्वभावांचे लागतील. एक मुका: कनेक्शन घेतो आणि काहीच बोलत नाही. एक अर्धवट: हेडर (बॉडीआधीच्या माहितीच्या ओळी) देतो, "१००० बाइट येणार" म्हणून सांगतो, ५०० देतो आणि थांबतो. आणि एक ठिबकणारा: ठरावीक अंतराने एकेक बाइट देत राहतो. मुका सर्व्हर तुम्ही लिहिलाच आहे. खरं काम उरलेल्या दोघांचं आहे.

आयडलची टेस्ट अर्धवट सर्व्हरवर लिहा. क्लायंटचा आयडल ३०० मिलिसेकंद, एकूण मुदत १० सेकंद. सर्व्हर अर्धी बॉडी देऊन गप्प. अपेक्षा अशी की एरर ३०० मिलिसेकंदांच्या आधी येऊ नये, आणि समजा ३ सेकंदांच्या आत यावी. वरची मर्यादा मुद्दाम ढिली ठेवा, पण १० च्या बरीच खाली. म्हणजे एकूण मुदतीवर संशय घ्यायला जागाच उरत नाही, आणि बिल्डचं यंत्र दमलेलं असून सेकंदभर अडखळलं तरी टेस्ट लाल होत नाही. टेस्ट डळमळीत होतात त्या बहुतेक वेळा वरची मर्यादा ताणून बसवल्यामुळे. "३०० ते ३५० मिलिसेकंद" असं लिहिणाऱ्याला घड्याळाची अचूकता तपासायची असते, वागणूक नव्हे.

एकूण मुदतीची टेस्ट ठिबकणाऱ्यावर. थेंब दर ५० मिलिसेकंदांना, आयडल ५०० मिलिसेकंद, एकूण दीड सेकंद. थेंबांतलं अंतर आणि आयडल यांच्यात दहापट फरक आहे, त्यामुळे मध्ये कुठे मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्शनमुळे खंड पडला किंवा प्रोसेसर दुसरीकडे गुंतला तरी आयडल चुकून वाजत नाही. अपेक्षा: दीड सेकंदाच्या आधी काही नाही, मग एकूण मुदतीची एरर. तुमच्या आजच्या क्लायंटवर हीच टेस्ट चालवा. ती लटकेल, आणि शनिवारची घटना तुमच्या टेबलावर उभी राहील. सर्व्हरला थेंबांची संख्या आखून द्या, नाहीतर टेस्टही लटकून बसेल.

तिसरी टेस्ट बहुतेक लोक लिहीतच नाहीत आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: काहीही वाजू नये अशी. तोच ठिबकणारा सर्व्हर, दर ५० मिलिसेकंदांना थेंब, दीड सेकंद चालतो आणि प्रतिसाद नीट पूर्ण करतो. आयडल ५००, एकूण मुदत १० सेकंद. अपेक्षा: यश, आणि बॉडीचा प्रत्येक बाइट जागेवर. प्रतिसादाला आयडलच्या तिप्पट वेळ लागला तरी तो पूर्ण झाला, याचाच अर्थ प्रत्येक थेंबाला घड्याळ पुन्हा शून्यावर येतंय. कुणी आयडलच्या नावाखाली चुकून एकदाच सुरू होणारं घड्याळ लावलं असेल, तर ५०० मिलिसेकंदांना टेस्ट लाल होईल. झाडाखाली बसलेली ती माणसं या टेस्टने वाचली असती.

तिन्ही लिहून झाल्या की एक गोष्ट हाताने करून पाहा. कोडमधून आयडल काढून टाका: पहिली टेस्ट लाल झाली पाहिजे, बाकी दोन हिरव्या राहिल्या पाहिजेत. मग आयडल परत लावून एकूण मुदत काढा: फक्त दुसरी लाल. जी टेस्ट कोड मोडल्यावरही हिरवी राहते, ती काही राखत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मी तरी ते केल्याशिवाय टाइमआउटचा कोड मंजूर करत नाही.

खोटा सर्व्हर लिहिताना काही ठिकाणी पाय घसरतो. ठिबकणारा सर्व्हर एखाद्या वेब फ्रेमवर्कवर लिहिलात तर ते थेंब स्वतःच्या बफरमध्ये साठवून एकदम सोडू शकतं. मग तुमचा ठिबकणारा नकळत मुका होतो आणि चुकीचं घड्याळ वाजतं. प्रत्येक थेंबानंतर फ्लश करा, म्हणजे बफर लगेच रिकामा करा. मधे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी ठेवला असेल तर त्याचं बफरिंग आपोआप चालू असतं हेही ध्यानात ठेवा. मी सरळ सॉकेट उघडतो, स्टेटसची ओळ आणि हेडर हाताने लिहितो, मग बाइट सोडतो. ३०-४० ओळींत होतं आणि काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. जावात असाल तर 'मॉक वेब सर्व्हर'मध्ये बॉडी थोडीथोडी सोडायची सोय आहे, 'वायरमॉक'मध्येही तुकड्यातुकड्यांनी ठिबकवता येतं. पूर्ण यंत्रणा उभी करून तपासायची असेल तर शॉपिफायचं 'टॉक्सीप्रॉक्सी' मधे बसवा. इंटरनेटवरच्या सार्वजनिक सेवेवर मात्र अशा टेस्ट कधीही अवलंबून ठेवू नका.

सर्व्हरला 'स्लीप' देऊन झोपवू नका, कडी लावा: टेस्टने सोडेपर्यंत थांब, असं. टेस्ट संपली की कडी काढायची. नाहीतर मागे लटकलेले थ्रेड राहतात आणि पुढच्या टेस्टला त्रास देतात. गोमध्ये तर टेस्ट सर्व्हर बंद करताना चालू रिक्वेस्ट संपेपर्यंत तो थांबून राहतो. कडी काढायच्या आधी सर्व्हर बंद करायला गेलात तर तुमची टाइमआउटची टेस्ट स्वतःच लटकेल. क्रम लक्षात ठेवा, आधी कडी, मग सर्व्हर.

वेळ मोजताना भिंतीवरचं घड्याळ वापरू नका, पुढेच जाणारं वापरा, पायथॉनमध्ये 'मोनोटॉनिक', जावात 'नॅनोटाइम'. यंत्राची वेळ मधेच दुरुस्त झाली तर साधं घड्याळ मागे जाऊ शकतं. खोटं घड्याळ घालून टेस्ट क्षणात संपवता येतात, आणि "थेंब आला की मुदत पुढे जाते" हा तर्क तपासायला ते उत्तम आहे. गोच्या १.२५ आवृत्तीत 'सिंकटेस्ट' त्यासाठीच स्थिरावलं. पण खऱ्या सॉकेटवर थांबलेला कोड त्याच्या खोट्या वेळेत पुढे सरकत नाही, तिथे स्मृतीतला 'पाइप' वापरावा लागतो. माझा कल असा: तर्काच्या दहा टेस्ट खोट्या घड्याळावर, आणि वर सांगितलेल्या तीन खऱ्या सॉकेटवर. तिघी मिळून चार सेकंदांत आटोपतात, आणि एकाच वेळी चालवल्या तर त्याहून कमी. बिल्ड अडायची तुमची काळजी इथे मिटते.

एररचा प्रकार तपासताना 'रिक्वेस्ट्स'ची एक खोड माहीत असू द्या. हेडर येण्याआधी शांतता झाली तर 'रीड टाइमआउट' मिळतो. बॉडीच्या मध्यावर तीच शांतता झाली तर तो 'कनेक्शन एरर' बनून बाहेर येतो. तुमच्या कोडने फक्त पहिला पकडला असेल तर अर्धवट सर्व्हरपुढे तो वेगळ्याच वाटेने कोसळेल. मुक्या सर्व्हरवरच्या टेस्टला हे कधीच दिसलं नसतं.

कनेक्ट टाइमआउट, म्हणजे जोडणी होण्यापुरती मर्यादा, हा तिसरा प्रकार, त्याबद्दल थोडक्यात. बरेच जण त्यासाठी असा सर्व्हर लिहितात जो पोर्ट उघडतो पण कनेक्शन स्वीकारतच नाही. लिनक्समध्ये रांग भरेपर्यंत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) परस्पर जोडणीचं हस्तांदोलन उरकून टाकतो, म्हणून क्लायंटच्या दृष्टीने कनेक्शन झालेलं असतं आणि वाजतो तो रीड टाइमआउट. उदाहरणांसाठी राखून ठेवलेले १९२.०.२.० पासूनचे पत्ते वापरता येतात, पण नेटवर्क नसलेल्या कंटेनरमध्ये तिथे लगेच "मार्ग नाही" असं उत्तर मिळू शकतं. ही टेस्ट वेगळी ठेवा आणि तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

घड्याळ वाजल्यानंतर काय होतं, तेही टेस्टचाच भाग आहे. मुदत संपली, एरर आली, पण सॉकेट बंद झालं का? खोट्या सर्व्हरच्या बाजूने तपासा: पलीकडून कनेक्शन तुटल्याचं त्याला कळलं पाहिजे. मग लगेच त्याच क्लायंटने दुसरी रिक्वेस्ट करा आणि उत्तर दुसऱ्याच रिक्वेस्टचं आहे ना, ते पाहा. अर्धवट वाचलेलं कनेक्शन चुकून पूलमध्ये परत गेलं तर पहिल्याचं उरलेलं उत्तर दुसऱ्याच्या पदरात पडतं. गव्हाच्या जागी सोयाबीनचा भाव दिसणं हे लटकण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण कुणालाच कळत नाही.

पूलमधल्या आयडलचीही एक टेस्ट लिहा. नोडचा सर्व्हर रिकामं कनेक्शन मुळात ५ सेकंदांत बंद करतो, एन्जिनएक्स ७५ सेकंदांत, ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणारा मध्यस्थ) ६० सेकंदांत. क्लायंटने ते त्याहून जास्त वेळ पूलमध्ये सांभाळलं तर नेमक्या बंद होण्याच्या क्षणी रिक्वेस्ट जाऊन पडते आणि "कनेक्शन रीसेट" मिळतं. म्हणून विचारणाऱ्याचा आयडल नेहमी उत्तर देणाऱ्यापेक्षा कमी ठेवायचा. लोड बॅलन्सरमागचा तुमचा सर्व्हर असेल तर तिथे विचारणारा लोड बॅलन्सर असतो, म्हणून तुमच्या सर्व्हरची मुदत ६० च्या वर हवी.

पुढे कधी एचटीटीपी/२ वर गेलात तर एक गोष्ट बदलते. तिथे एका कनेक्शनवर अनेक प्रवाह चालतात, वर 'पिंग' ये-जा करतात. एक प्रवाह मेला तरी शेजारच्या प्रवाहांमुळे कनेक्शनवर बाइट वाहतच राहतात. आयडल कनेक्शनवर मोजला जात असेल तर तो मेलेला प्रवाह त्याला कधीच दिसणार नाही. आयडल प्रवाहागणिक मोजला जातो का ते पाहा, आणि टेस्टमध्ये दोन प्रवाह ठेवा, एक ठिबकणारा, एक मुका.

आता तुमच्या कोडची दुरुस्ती. 'रिक्वेस्ट्स'मध्ये एकूण मुदत नाही. प्रतिसाद तुकड्यांनी वाचून प्रत्येक तुकड्यानंतर वेळ तपासायचा, हा उपाय लोक सुचवतात, पण तो लंगडा आहे. हेडरच ठिबकत आले तर तपासायची पाळीच येत नाही. आणि लांबी आधी सांगितलेल्या बॉडीत तुम्ही ८१९२ बाइटचा तुकडा मागितलात तर तेवढे जमेपर्यंत तो वाचत बसतो, थेंबाथेंबाने आले तर तासन्‌तास. वेगळ्या थ्रेडमध्ये चालवून बाहेरून वाट पाहणं सोडून दिलं तर वाट पाहणारा सुटतो, पण आतला थ्रेड सॉकेट धरून तसाच राहतो, पायथॉनमध्ये त्याला बाहेरून मारता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर हा एक क्लायंट 'एआयओएचटीटीपी'वर नेला असता, कारण तिथे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, स्वच्छ नावांनी लिहिता येतात.

आकडे किती ठेवायचे? आयडल समोरच्याच्या सवयीवरून: तो दर ३ सेकंदांना थेंब सोडतो, तर ५ फार जवळ आहे, १५ ठेवा. एकूण मुदत तुमच्या गरजेवरून: एरवी २५ सेकंद लागतात, व्यापाऱ्यांना संध्याकाळी भाव हवेत, तर १२० सेकंद द्या आणि न आल्यास काही वेळाने पुन्हा मागा. अहवाल वाचणं निरुपद्रवी असल्याने पुन्हा मागणं चालतं. एखादा सौदा नोंदवणारी पोस्ट रिक्वेस्ट असती तर टाइमआउटनंतर समोर काम झालं की नाही हे कळायला मार्ग नसतो. तिथे दोन्ही वेळा तीच रिक्वेस्ट आहे हे समोरच्याला कळवणाऱ्या ओळख क्रमांकाशिवाय परत पाठवायचं नाही.

हाच विचार सर्व्हरच्या बाजूनेही लागू पडतो. २००९ साली पुढे आलेला 'स्लोलोरिस' हल्ला म्हणजे याच फटीचा वापर: क्लायंट हेडर ठिबकवत राहतो, सर्व्हरचा आयडल कधी वाजत नाही, आणि सगळी कनेक्शनं अडकून पडतात. तुमचा खोटा ठिबकणारा सर्व्हर उलटा फिरवून तुमच्या स्वतःच्या सेवेवरही चालवून पाहा.

आणि लॉगमध्ये नुसतं 'टाइमआउट' लिहू नका. कोणतं घड्याळ वाजलं, किती वेळ गेला, किती बाइट आले, शेवटचा बाइट किती वेळापूर्वी आला, या चार गोष्टी लिहा आणि टेस्टमध्ये त्या तपासा. शनिवारी १२० सेकंदांची मुदत असती तर तुम्हाला ओळ मिळाली असती: "एकूण मुदत संपली, १२० सेकंद, ४० बाइट, शेवटचा बाइट २ सेकंदांपूर्वी." रिकाम्या ओळी मोजत बसायची वेळच आली नसती.